प्रशिक्षक महिला की पुरुष?

सप्रेम नमस्कार,

अकरावीतील आपल्या मुलीला बास्केटबॉलसाठी दोन विद्यापीठांकडून विचारणा झाली असून एका संघाच्या मुख्य प्रशिक्षक महिला, तर दुसऱ्याचे पुरुष आहेत, असे आपण न्यू जर्सीहून कळवले आहे. मुलीला महिला प्रशिक्षकाच्याच हाताखाली पाठवावे असे आपल्याला वाटते. तिच्या क्लबचे प्रशिक्षक मात्र पुरुष कोचशिवाय खेळ पक्का होत नाही, असे सांगतात. शिवाय तिला पुढे स्वतः कोच व्हायचे आहे.

क्लबच्या प्रशिक्षकांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाला 8 राष्ट्रीय विजेतेपदे पॅट समिट या महिला प्रशिक्षकांनी मिळवून दिली आणि 2024 मध्ये डॉन स्टेली या महिला प्रशिक्षकांच्या साउथ कॅरोलिना विद्यापीठाने एकही सामना न हरता करंडक जिंकला. कनेक्टिकट विद्यापीठाचे पुरुष प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांची विजेतेपदे सर्वांत जास्त आहेत, हे खरे. पण तो संघ उभा करण्यात 1985 पासून त्यांच्यासोबत असलेल्या क्रिस डेली या महिला सहप्रशिक्षकांचा वाटा मोठा आहे, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

आपल्या आग्रहालाही आधार आहे. 1972 मध्ये टायटल नाइन, म्हणजे शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा अमेरिकी कायदा, झाला तेव्हा महाविद्यालयीन महिला संघांचे 90 टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक महिला होत्या. 1978 पर्यंत हे प्रमाण 58 टक्क्यांच्या आसपास आले. 1974 मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी मुख्य प्रशिक्षक झालेल्या समिट यांना महिना 250 डॉलर मिळत आणि संघाचे कपडेही त्याच धूत. अशी नोकरी पुरुषांना नको होती. कायद्यामुळे पैसा आला, पगार वाढले, नेमणुका बहुतांशी पुरुष क्रीडासंचालकांच्या हाती गेल्या आणि चित्र पालटले. बास्केटबॉलची स्थिती इतर खेळांहून बरी आहे.

तरीही केवळ मुख्य प्रशिक्षकाकडे पाहून निर्णय घेऊ नये, कारण ती व्यक्ती मुलीची चार वर्षे पुरी होण्याआधीच दुसरीकडे जाऊ शकते. सहायक प्रशिक्षक कोण आहेत, दुखापतीच्या वेळी मुलीने कोणाशी बोलायचे आणि स्कॉलरशिप एका वर्षाची आहे की अधिक काळाची, हे विचारावे. दोन वर्षांपूर्वीची खेळाडूंची यादी आजच्या यादीशी ताडून पाहिल्यास किती मुली ट्रान्सफर पोर्टलमधून (दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीतून) बाहेर पडल्या याचा अंदाज येतो. मात्र पदवी घेऊन गेलेल्यांना त्यातून वगळावे. भेटीच्या वेळी खेळाडूंशी प्रशिक्षकांच्या गैरहजेरीत बोलता येईल का, हेही पाहावे. ‘त्या संघातले वातावरण तुमच्या मुलीसाठी बरे नाही’ असे म्हणत कोणी तिथल्या प्रशिक्षकांच्या किंवा मुलींच्या लैंगिकतेकडे सूचकपणे बोट दाखवले, तर सावध व्हावे. खेळाडू मिळवण्याची ही जुनी आणि हीन युक्ती आहे, आणि तिची झळ महिला प्रशिक्षकांना विशेष बसली आहे.

मुलीला कोच व्हायचे असल्याने माझ्या मते एक प्रश्न निर्णायक आहे: या संघातून बाहेर पडलेल्या किती मुली आज प्रशिक्षक म्हणून काम करतात आणि त्यांची पहिली नेमणूक कोणाच्या शिफारशीने झाली? या व्यवसायात पहिली संधी बहुधा ओळखीतून, पदव्युत्तर शिक्षण घेता घेता संघाला साहाय्य करण्याच्या कामातून मिळते. पुरुष प्रशिक्षकाने अशा पाच जणी घडवल्या असतील आणि महिला प्रशिक्षकाने एकही नाही, तर मी पुरुष प्रशिक्षकाच्या संघाकडे झुकेन. दोन्हीकडे उत्तर सारखेच आले, तर आपली पसंती खुशाल महिला प्रशिक्षकाला द्यावी.