आधी वही घे, मग तिकीट काढ

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला. म्हणजे पॅकअप पुन्हा उशिरा झालं. "काका, सीरियल सोडते. जगभर फिरते. पुस्तक लिहिते. मायकेल पेलिननेही हेच केलं ना?" जन्मभर संवाद लिहिले, म्हणून आधी छोटी छोटी वाक्यं आवडली. मग काळजी वाटली.

त्या इंग्रज विनोदी नटाने, पेलिनने, हे सगळं केलं, पण या क्रमाने नाही. तो मुळात लिहिणारा. जन्म शेफिल्डचा, 1943चा. ऑक्सफर्डला इतिहास शिकला आणि टीव्हीवर दुसऱ्यांच्या तोंडी विनोद लिहून देऊ लागला. 1969च्या ऑक्टोबरात बीबीसीवर 'मॉन्टी पायथन' ही विनोदी मालिका सुरू झाली आणि मग लोक त्याला चेहऱ्याने ओळखू लागले. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याच्या सहा महिने आधीची आहे. त्या एप्रिलमध्ये त्याने सिगारेट सोडली. सिगारेट सुटते तर आणखी एखादी गोष्ट जमवून बघू, म्हणून तो डायरी लिहायला बसला. तेव्हा तो पंचविशीत होता. त्या डायऱ्यांचा पहिला खंड छापला गेला 2006 साली. मधली 37 वर्षं नुसत्या वह्या भरत गेल्या. टीव्ही चालू होता, सिनेमे चालू होते, घरात तीन मुलं होती, आणि वही चालू होती.

तू म्हणशील, काका, डायरी काय, कोणीही लिहितं. नाही गं. मी लिहिली नाही, त्याची गोष्ट सांगतो.

एक मालिका अचानक बंद पडली तेव्हा मी रागाने लडाखला गेलो. बावीस दिवस. फोटो ढीगभर काढले. वही मात्र सॅकच्या तळाशी कोरीच राहिली, कारण "हे कसं विसरेन?" असं रोज वाटायचं. परत आल्यावर एका दिवाळी अंकाला लेख दिला. संपादकांचा फोन आला. आवाज गोड, प्रश्न एकच: "तुम्ही त्या म्हातारीच्या घरी चहा घेतलात असं लिहिलंय. कशात दिला हो? कप, पेला, वाटी?" मला आठवेना. पानभर 'विराट', 'नि:शब्द', 'आत्ममग्न' होतं, आणि चहा कशात दिला ते नव्हतं. लेख छापला नाही. तेव्हा रुसलो होतो. आता वाटतं, संपादकबाईंनी वाचवलं.

आता पेलिनच्या त्या प्रवासाकडे ये, कारण तो आपल्या दारावरून गेला आहे. 1988 साली बीबीसीला ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतल्या फिलिअस फॉगसारखी 80 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा माणूस हवा होता. अट एकच, विमान नाही. आधी दुसऱ्यांना विचारलं होतं, हे तो स्वतःच हसत सांगतो. 25 सप्टेंबरला तो लंडनहून निघाला. दुबई ते मुंबई हा टप्पा त्याने एका लाकडी मालवाहू गलबतावर काढला. खलाशी गुजराती, 18 जण. जवळजवळ आठवडाभर उघड्या डेकवर झोपायचं. शौचाला गलबताच्या कडेबाहेर, समुद्रावर लटकवलेली लाकडी पेटी. त्यात पोट बिघडलं, आणि ते सगळं कॅमेऱ्यासमोर.

विचार कर. त्याच वर्षी त्याचा एक विनोदी सिनेमा जगभर धो धो चालत होता. त्या गलबतावर मात्र त्याला कोणी ओळखत नव्हतं. त्याचा एकही विनोद तिथे चालणार नव्हता, कारण भाषाच नव्हती. मग त्याने काय केलं? एका वयस्क खलाशाच्या कानाला आपला वॉकमन लावला आणि त्याला ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकन रॉक गायक ऐकवला. बघ, नटाने स्वतः काही केलं नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतंय ते बघत बसला. मुंबईत उतरला, तर रस्त्यावर एका आंधळ्या न्हाव्यापुढे मान वर करून बसला आणि वस्तऱ्याने दाढी करून घेतली. (मला विचारशील तर साहस म्हणजे हे. उंचावरून उड्या मारायला पैसे लागतात.) मग मद्रासची गाडी धरली. एकूण 79 दिवस आणि 7 तासांत लंडनला परत. ज्या क्लबातून निघाला होता, त्या क्लबाने परतल्यावर आत काही घेतलं नाही.

पण मला सगळ्यात आवडतं ते वीस वर्षांनंतरचं. 2008 साली तो त्या खलाशांना शोधायला परत आला आणि गुजरातच्या किनाऱ्यावर त्यांना भेटला. प्रवासात भेटलेली माणसं आपण 'कॅरेक्टर' म्हणून वापरतो आणि पुढच्या स्टेशनवर सोडून देतो. ज्याच्या वहीत त्यांचा दिवसन् दिवस लिहिलेला असतो, त्याला ती तशी सुटत नाहीत.

समोरच्याला असा वेळ द्यायला तो शिकला कुठे? माझा एक तर्क आहे, तर्कच. त्याचे वडील तोतरे बोलायचे. अशा घरात वाढलेलं मूल दुसऱ्याचं वाक्य मध्ये तोडत नसावं, वाट बघत असावं. पुढे 1993 साली लंडनमध्ये तोतऱ्या मुलांसाठी केंद्र उघडलं, त्याला याने आपलं नाव दिलं. आपल्या धंद्यात तर समोरचा बोलत असताना आपण पुढची ओळ मनात घोकत असतो. ही सवय सेटवर चालते, एस्टीत चालत नाही.

साहसाचं म्हणशील तर ती बाजू खरीच आहे. 1991 साली उत्तर ध्रुव ते दक्षिण ध्रुव केलं, वाटेत झांबेझी नदीत बरगडी दुखावून घेतली. मग सहारा, हिमालय. 2009 ते 2012 लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. 2022मध्ये, ऐंशीला टेकलेला असताना, इराक फिरून आला. पण यातलं बरंचसं चॅनेलच्या पैशाने, कॅमेरामन सोबत घेऊन, व्हिसाचे कागद कोणीतरी आधी करून ठेवलेले असताना. ते कमी लेखत नाही. तुला हिशेब कळावा म्हणून सांगतो. तुझ्याकडे चॅनेल नाही, आणि भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला जातं.

म्हणून सीरियल आत्ता सोडू नकोस. तुझा ट्रॅक मार्चपर्यंत आहे म्हणालीस, तो होऊ दे. कॉन्ट्रॅक्टमधला नोटीस पिरियड नीट वाच, मधेच निघालीस तर पुढचं काम देताना लोक तेवढंच लक्षात ठेवतील. तोपर्यंत रोज एक पान. 'मन भरून आलं' लिहायचं नाही. मेकअपदादा टिफिनमधून काय खातात, पाऊस लागला की सेटवरची खोटी तुळस कुठे नेऊन ठेवतात, बाराव्या तासाला कोण कोणावर खेकसतं, हे लिही. पेलिनची प्रवासाची पुस्तकंही 'दिवस पहिला, दिवस दुसरा' अशीच चालतात.

आणि रविवारी सुट्टी मिळाली तर भाऊच्या धक्क्यावर जा. उरणजवळच्या मोऱ्याची लाँच धर. लडाखपेक्षा स्वस्त, आणि समुद्र तोच, पेलिन आला तो. तिथे तुझा चेहरा लपणार नाही, हे आधीच सांगतो. कोणीतरी मावशी म्हणेलच, "अगो, ही ती सीरियलमधली!" सेल्फी दे, पण लगेच तुझ्या मालिकेचं बोलणं बंद कर आणि तिच्या पाटीत काय आहे ते विचार. सुकट कितीला घेतली, कितीला गेली, मोऱ्याहून कुठे जायचंय. उतरायच्या आधी लिहून घे, उतरल्यावर नाही. लाँच हलते, अक्षर वाकडं येईल, येऊ दे.

सोमवारी फोन कर. दुपारी नको, मी झोपलेला असतो.

तुझा,
काका