आजोबांनी १९६५ साली सेबर पाडले होते का, हे कसे तपासावे?

आपले आजोबा विमानविरोधी तोफेवर होते, १९६५ च्या युद्धात त्यांनी सेबर हे पाकिस्तानी लढाऊ विमान पाडले असे कोरेगावकडील आपल्या गावात आजही सांगतात, पण घरात कागद एकही नाही. तेव्हा हे खरे की नाही ते कसे ठरवावे, असा आपला प्रश्न आहे. मी साताऱ्यात राहतो आणि हवाई युद्धांच्या नोंदी ताडून पाहण्याचा मला जुना नाद आहे.

विमान पाडल्याचा दावा नेहमी समोरच्या बाजूच्या हानीच्या नोंदीशी ताडावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटनने १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले, प्रत्यक्षात ती साठच्या आसपास होती. यात कोणी लबाडी केली असे नव्हे. एकाच विमानावर तिघे गोळ्या झाडतात आणि तिघेही ते आपल्या खाती मांडतात, शिवाय जोरात पळ काढणाऱ्या विमानाचा काळा धूर पाहून ते पेटले असेच वाटते.

उलटही घडते. ७ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानातील सरगोधा हवाई तळावरील हल्ल्यातून भारतीय हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर देवय्या परतले नाहीत आणि आपल्याकडे ते केवळ बेपत्ता ठरले. त्यांच्या मिस्टेअर विमानाने कितीतरी वेगवान अशा पाकिस्तानी स्टारफायटर विमानाला पाडले होते व त्याचा वैमानिक छत्रीने उतरला होता, हे पाकिस्तानी बाजूची माहिती असलेल्या एका ब्रिटिश लेखकाच्या १९७९ मधील पुस्तकामुळे आपल्याला समजले. मरणोत्तर महावीर चक्र मिळाले ते १९८८ साली! याउलट ३ सप्टेंबरला भारतीय वैमानिक ट्रेव्हर कीलर यांनी पाडल्याचे मानले गेलेले सेबर, पाकिस्तानी नोंदीनुसार, जबर मार खाऊनही तळावर परतले होते. हे सांगताना आपल्याकडच्या मंडळींचे चेहरे उतरतात, पण पहिली दुरुस्ती हवी असेल तर दुसरीही सोसायला हवी.

आपल्या बाबतीत आधी आजोबांचे डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळणारी सेवेची पुस्तिका, शोधावे. ते नसल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने नाशिक रोड येथील तोफखान्याच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहावे, कारण त्या काळी विमानविरोधी तोफा तोफखान्यातच मोडत. रेजिमेंट कोणती, ती कोणत्या तळाच्या रक्षणास होती आणि गोळीबार कोणत्या दिवशी झाला, एवढे कळले की निम्मे काम झाले. वेळ जुळवताना मात्र पाकिस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असते हे विसरू नये. या अर्ध्या तासाने मला एकदा महिनाभर चकवले होते.

आणखी एक. एका विमानावर अनेक तोफा एकाच वेळी मारा करतात, त्यामुळे विमान पडल्याचे सिद्ध झाले तरी ते नेमके आजोबांच्याच गोळ्याने पडले असे कोणताही कागद बहुधा सांगणार नाही. रेजिमेंटचा क्रमांक आणि तारीख हाती आली की कळवावे. त्या दिवसाची पाकिस्तानी हानी आपण मिळून पाहू.