रेल्वे स्टेशनाबाहेरचा गाळा ‘चालवायला’ घ्यावा का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कोकणातल्या एका स्टेशनाच्या आवारातला गाळा मूळ परवानाधारक ‘चालवायला’ देतोय, चार लाख अनामत मागतोय. जागा रेल्वेची म्हणजे सुरक्षितच ना, वाशीच्या स्टेशनावर ऑफिसं चालतात तशी? आणि महिन्याचं भाडं किती योग्य?

घेऊ नका.

एवढ्यावर थांबलो असतो. पण ‘रेल्वेची म्हणजे सुरक्षित’ हे आमच्या दादाचं वाक्य, आणि त्या वाक्यापायी आम्ही सख्खे भाऊ एकाच घरच्या गणपतीत वेगवेगळ्या पंगतीला जेवतो.

कोकण रेल्वेसाठी भूसंपादन झालं तेव्हा आमची हापूसची बारा गुंठे गेली. बाबांनी मोबदला घेतला, सही केली, सातबाऱ्यावरचं नाव गेलं. बाबांपुरता विषय मिटला, दादापुरता नाही. पुढे स्टेशनाबाहेर गाळे झाले. एकाने निविदा भरून त्यातला एक मिळवला आणि स्वतः बसायचं नव्हतं म्हणून दादाला दिला. स्टॅम्प पेपरवर ‘सहकार्य करार’ असं गोंडस नाव. अनामत तीन लाख, त्यातला एक माझा. मी म्हटलं, त्याचा रेल्वेशी झालेला मूळ करार तरी बघूया. दादा म्हणाला, “कागद कित्याक वाचूचे? माणूस वळखीचो आसा. आणि जमीन आमचीच गेली मां, मगे गाळो कोणाचो?”

दोन वर्षं बरी गेली. काजू, खाजं, कोकम, आंबापोळी, पाण्याच्या बाटल्या. सकाळच्या गाडीचे चाकरमानी उतरायच्या आधी वहिनीचा चहा उकळलेला असायचा. पण धंद्याचे दिवस म्हणजे मे आणि गणपती. पावसाळी वेळापत्रक लागलं की स्टेशनात शुकशुकाट, आणि शुल्क मात्र बाराही महिने तेवढंच. तिसऱ्या वर्षी मूळ माणसाच्या नावाने नोटीस आली. मुदत संपलेली, शुल्क थकलेलं, गाळा परस्पर दुसऱ्याला दिलेला. दादा त्याला दरमहा रोख मोजत होता, तो पुढे भरतच नव्हता! सुनावणीला दादा सातबाऱ्याचा जुना उतारा घेऊन गेला. साहेबांनी तो शांतपणे वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारलं, “करारात तुमचं नाव कुठे आहे?” नव्हतंच. माल काढायला दोन दिवस मिळाले. मी टेम्पो घेऊन गेलो होतो. दादा माझ्याशी बोलला नाही, फ्रीज मात्र दोघांनी मिळून उचलला.

रेल्वेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चुकलं आमचं.

असे गाळे बहुधा भाडेपट्ट्याने नाही, परवान्याने देतात. हा फरक शब्दांपुरता नाही. 1882 च्या सुखाधिकार कायद्याचं कलम 52 सांगतं की परवान्याने जागेत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. तुम्हाला फक्त तिथे बसू दिलेलं असतं. कलम 56 प्रमाणे परवाना सर्वसाधारणपणे दुसऱ्याला देताही येत नाही. म्हणजे तुमचा माणूस जे विकतोय ते त्याच्याकडेच नाही. ‘खाली करायला लावलं तर कोर्टात वर्षानुवर्षं चालेल’ अशी आशाही नको. सार्वजनिक जागांवरच्या अनधिकृत कब्जाचा 1971 चा वेगळा कायदा आहे. तिथे निकाल इस्टेट ऑफिसर, म्हणजे अशा जागांसाठी नेमलेला अधिकारी देतो, दिवाणी कोर्ट मध्ये येत नाही आणि जिल्हा न्यायाधीशांकडे अपिलाला मुदत असते बारा दिवस. केंद्राचं भांडवल 51 टक्क्यांहून कमी नसलेल्या कंपन्यांच्या जागा त्यात येतात. कोकण रेल्वे कंपनी 1990 साली उभी राहिली तेव्हा केंद्र 51, महाराष्ट्र 22, कर्नाटक 15, गोवा आणि केरळ प्रत्येकी 6 अशी वाटणी होती. नेमके 51, म्हणजे हा कायदा कोकण रेल्वेलाही लागू! हे मला सुनावणीनंतर कळलं, आधी कळलं असतं तर माझा एक लाख वाचला असता.

वाशीचा दाखला तुम्हीही दिलात, दादाही देतो. वाशी-बेलापूरच्या स्टेशनांवरची ऑफिसं ही सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची कमाई. नवी मुंबईच्या त्या लोकल मार्गाच्या खर्चाचा 67 टक्के वाटा सिडकोने उचलला होता. देशभरातल्या रेल्वेच्या मोकळ्या जमिनींसाठी तर रेल्वे कायद्यात 2005 साली दुरुस्ती करून वेगळं प्राधिकरणच काढलंय. तो बिल्डरांचा खेळ, आपल्या वडापावचा नाही. आणि ‘आता रेल्वे 35 वर्षांसाठी जमीन देते’ म्हणून जे कात्रण दादाने पाकिटात ठेवलंय, तो 2022 चा निर्णय मालवाहतुकीच्या टर्मिनलसारख्या कामांसाठी आहे. वर्षाला बाजारभावाच्या दीड टक्का दराने. कात्रणाचा दुसरा परिच्छेद त्याने कधी वाचलाच नाही.

याचा अर्थ रेल्वेचा गाळा वाईटच असं नाही. स्वतःच्या नावाने निविदा भरा, मुदत किती, दरवर्षी वाढ किती, वीज मीटर कोणाच्या नावे हे बघा, शुल्कावर 18 टक्के जीएसटी धरा आणि मग खुशाल बसा. आमच्याच वाडीतला एक जण स्टेशनावरचं पार्किंग असं रीतसर चालवतो, त्याचं बरं चाललंय. तुमच्या माणसाकडे पोटपरवान्याची, म्हणजे गाळा पुढे दुसऱ्याला चालवायला द्यायची, रेल्वेची लेखी परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. ती असती तर त्याने पहिल्यांदा तीच दाखवली असती.

जमीन गेलेल्यांना गाळ्यात प्राधान्य मिळायला हवं होतं का? हवं होतं, दादा. हे मी तेव्हाही म्हणत होतो. पण मिळायला हवं होतं आणि मिळालंय यात जे अंतर आहे, त्यात तू तीन लाख ओतलेस. दादा इथे येत नाही, त्याचा मुलगा वाचतो. त्याने वाचून दाखवलं तर बरं.

भाड्याचं राहिलंच. स्टेशनाचं नाव तुम्ही दिलेलं नाही. कणकवलीला लोक गावातून चालत येतात, चिपळूणचं स्टेशन वालोप्याला, रत्नागिरीचं कुवारबावला, गावापासून लांब. सगळीकडे एकच आकडा कसा सांगू?