भावाचं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. घरच्यांनी हे दिवस कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की वहिनींची डिलिव्हरी 29व्या आठवड्यात झाली, बाळ 1100 ग्रॅमचं आहे, काचेत ठेवलंय. वहिनींना आता घरी सोडतायत आणि भाऊ दिवसभर हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून असतो. आमची मुलगीही अशीच फार लवकर आली. पुण्यातच, रस्ता पेठेजवळच्या एका हॉस्पिटलात होती आणि आम्ही राहायला धायरीला. त्यामुळे तुमचं घर आत्ता कसं चाललं असेल, ते मला कळतंय.

एक गोष्ट भावाला आजच सांगा. डॉक्टर आणि सिस्टर सगळं करतायत, आपण नुसते बाहेर उभे, असं त्याला वाटत असेल, तर तसं नाहीये. दूध आणि बाळाला छातीशी धरणं ही दोन कामं आई-बापाचीच आहेत. बाकीच्या घराने आपला दिवस या दोन कामांभोवती बसवायचा.

आधी दुधाचं सांगतो. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एकत्र जमायला बाळाला साधारण 34 आठवडे लागतात. तोवर दूध नळीने पोटात जातं, सुरुवातीला एकावेळी एक-दोन मिली. सिस्टर सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडतात आणि हातात उभी धरतात. दूध आपोआप, अगदी सावकाश खाली उतरतं. ते उतरताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि रात्री उठण्याचा कंटाळा त्या दिवशीच संपला. आईच्या दुधावरच्या कमी दिवसांच्या बाळांना एनईसी हा आतड्याचा गंभीर आजार कमी होतो. म्हणून चिकाचा थेंबही वाया घालवायचा नाही.

बाळ अंगावर पीत नसल्यामुळे दूध काढलं नाही तर ते आटत जातं. दर दोन-तीन तासांनी, दिवसाकाठी आठेक वेळा काढावं लागतं आणि रात्रीची वेळ चुकवून चालत नाही. इथे भावाला भरपूर काम आहे. रात्रीचा गजर त्याने लावायचा, वाट्या-डब्या उकळून ठेवायच्या, प्रत्येक डबीवर नाव, तारीख, वेळ लिहायची. दूध फ्रीजच्या दारात नको, आत मागच्या बाजूला ठेवायचं आणि चोवीस तासांच्या आत पोचवायचं. मी सकाळी बर्फाचा डबा घेऊन सिंहगड रोडच्या गर्दीतून निघायचो. वहिनींना पुरेसं दूध येत नसेल तर डॉक्टरांना दूधपेढीबद्दल विचारा, तिथे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळतं. देशातली पहिली दूधपेढी 1989 साली मुंबईत सायन हॉस्पिटलात सुरू झाली. पुण्यात ससूनमध्येही आहे. तिथलं दूध तपासून, पाश्चराइज करूनच देतात.

वहिनींना "दूध येतंय ना?" असं मात्र कुणी विचारू नका. अळिवाची खीर, शेपूची भाजी, गरम भाकरी समोर ठेवा आणि दुपारी दोन तास त्यांना झोपू द्या. टाके ओले आहेत, बाळ जवळ नाही आणि शेजारच्या घरी बारशाचं बोलावणं असतं. त्या बाईच्या मनाचं काय होत असेल, ते घराने न विचारता ओळखावं.

दुसरं काम कांगारू केअरचं. बाळाची तब्येत स्थिर झाली की डॉक्टर स्वतःच सांगतात, नाही सांगितलं तर आपण विचारायचं. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभं धरतात आणि वरून कापडाने बांधतात. बापालाही करता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या शिफारशींत हे जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावं आणि दिवसाला 8 ते 24 तास करावं, असं सांगितलंय. भावाला पुढून बटणं असलेला सैल शर्ट घालून जायला सांगा. अंगठी, घड्याळ, गंडेदोरे बाहेर काढून कोपरापर्यंत हात धुवायचे.

आत गेल्यावर मॉनिटरकडे बघत बसू नये. पायाला लावलेली ऑक्सिजन मोजायची पट्टी सैल झाली तरी अलार्म वाजतो. कधीकधी मात्र बाळ खरंच श्वास घ्यायचं विसरतं. कमी दिवसांच्या बाळांत हे नेहमीचं आहे आणि त्यासाठी कॅफीनचं औषध देतात. आमच्या मुलीच्या तळपायावर सिस्टर बोटाने हलकेच टिचकी मारायच्या आणि मॉनिटरवरचा आकडा पुन्हा वर चढायचा. तेवढे क्षण बापाला फार जड जातात. भाऊ घरी आला की त्याला बोलू द्या, लगेच धीर द्यायला जाऊ नका.

आता तुमचं स्वतःचं काम. नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या. "वजन किती झालं?" हा प्रश्न आई-बापापर्यंत पोचूच देऊ नका. पहिल्या आठवड्यात वजन उतरतंच आणि नंतरही ते ग्रॅमा-ग्रॅमाने वाढतं. आमच्याकडे माझा आतेभाऊ रात्री ग्रुपवर एकच मेसेज टाकायचा आणि ज्याला काही विचारायचं असेल तो त्यालाच फोन करायचा.

थोरल्यांचंही ऐकून घ्या. माझ्या आईने पाचवीला घरीच पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवून पूजा केली. अंगाऱ्याची पुडी मात्र देव्हाऱ्यातच राहिली. आत काहीही न्यायचं नाही, हे तिला डॉक्टरांनी नीट समजावलं होतं आणि तिने ते पाळलं.

पैशांचं म्हणाल तर बिल वाढायची वाट न बघता हॉस्पिटलच्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. धर्मादाय हॉस्पिटलांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा जोतिराव फुले योजनेत बसतं का, तेही विचारा. रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. नाव ठरलं नसलं तरी ती होते.

आणि डोळ्यांची तपासणी. इतक्या कमी वजनाच्या बाळाच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची वाढ चुकू शकते. त्याला आरओपी म्हणतात. वेळेत कळलं तर उपचार होतो, उशीर झाला तर नजर जाऊ शकते. 1200 ग्रॅमच्या आतल्या बाळाची पहिली तपासणी दोन-तीन आठवड्यांत व्हायला हवी आणि पडद्याची वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर पुन्हा पुन्हा बोलावतात, डिस्चार्ज झाल्यावरही. प्रत्येक तारीख तुमच्या मोबाईलमध्येही टाकून ठेवा आणि त्या दिवशी गाडी घेऊन तुम्हीच जा, कारण बाळ घरी आल्यावर भाऊ-वहिनींची झोप आणखी कमी होणार आहे.