वाचकांचे प्रश्न : गाठीचा नेमका प्रकार आणि औषध थांबल्यानंतरचा थकवा

प्रश्न : आईच्या मांडीतील गाठीच्या बायोप्सीत सार्कोमा (स्नायू, चरबी, हाड अशा ऊतींचा कर्करोग) असल्याचे कळले, परंतु प्रकार निश्चित होत नसल्याने डॉक्टरांनी ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) मुंबईच्या टाटा रुग्णालयात दाखवण्यास सांगितले आहे. येथील निदान चुकले असे समजावे का? सुई लावल्याने रोग पसरतो, असेही नातेवाईक म्हणतात. — एक वाचक, फोंडा

उत्तर : निदान चुकले असे समजण्याचे कारण नाही, खात्री नसताना प्रकाराचे नाव न लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट माझ्या मते भरवशाचा. प्रौढांच्या कर्करोगांपैकी सार्कोमा जेमतेम १ टक्का असतात आणि त्यांचे ७० हून अधिक प्रकार आहेत. त्यामुळे त्यांतील कित्येक प्रकार अनुभवी पॅथॉलॉजिस्टच्याही नजरेखालून क्वचितच जातात. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या पेशी वेगळ्या ओळखण्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून ओळखण्याची तपासणी) आणि गरजेनुसार जनुकीय तपासणी करावी लागते. उपचारांची सारी दिशा त्यावर ठरते : ईविंग सार्कोमात सुरुवात केमोथेरपीने होते, तर मंदगतीने वाढणाऱ्या लायपोसार्कोमात (चरबीच्या सार्कोमात) मुख्य भिस्त शस्त्रक्रियेवर असते.

सुईच्या मार्गाने पेशी पसरल्याचे फारच क्वचित आढळते. मात्र बायोप्सी कोठून घ्यायची हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला विचारून ठरवावे, कारण तो मार्ग गाठीबरोबर काढता यावा लागतो. याहून मोठा धोका, मोठी किंवा खोलवरची गाठ ‘साधी चरबीची’ समजून एमआरआय न करताच काढून टाकण्यात असतो.

मुंबईला जाताना अहवालाची झेरॉक्स पुरत नाही. मेणातील मूळ ब्लॉक, रंगवलेल्या काचपट्ट्या, मूळ अहवाल आणि एमआरआयची सीडी न्यावी, ब्लॉक दिल्याची पोच घ्यावी आणि काम झाल्यावर तो परत मागावा. (मे महिन्यात गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीच्या नाक्यावर उन्हात उभ्या गाडीत तो ठेवू नये, मेण मऊ पडते.)

प्रश्न : वडिलांची फुफ्फुसाच्या कर्करोगावरील इम्युनोथेरपी चार महिन्यांपूर्वी थांबली. आता अतिशय थकवा, अन्नावर वासना नाही, उठताच भोवळ येते आणि रक्तात सोडियम कमी आहे. वयामुळे असे होते का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : वयावर ढकलण्यापूर्वी औषधाचा विचार झाला पाहिजे. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब यांसारखी औषधे रोगप्रतिकारशक्तीवरील लगाम सैल करतात. ज्या संशोधनातून ती निघाली त्यासाठी २०१८ चे नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना मिळाले. सुटलेली ही शक्ती कधी पिट्यूटरी (मेंदूच्या तळाची ग्रंथी), थायरॉइड, ॲड्रिनल (मूत्रपिंडांवरील ग्रंथी), आतडे, फुफ्फुस किंवा क्वचित हृदयावरही हल्ला करते, आणि तेही शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनी. तुम्ही सांगितलेली लक्षणे पिट्यूटरी किंवा ॲड्रिनलच्या बिघाडाशी जुळतात. म्हणून सकाळचे कॉर्टिसोल (ॲड्रिनलचे नैसर्गिक स्टिरॉइड), एसीटीएच, टीएसएच आणि फ्री टी४ या संप्रेरकांच्या रक्त तपासण्यांविषयी कर्करोगतज्ज्ञांना आजच विचारावे. केवळ सलाइन आणि मीठ देत राहिल्याने मूळ कारण झाकले जाते. कॉर्टिसोल आणि थायरॉइड दोन्ही कमी निघाल्यास स्टिरॉइड आधी आणि थायरॉइडचे औषध नंतर सुरू करावे लागते. उलट क्रमाने दिल्यास प्रकृती एकाएकी ढासळू शकते.

उलट्या, रक्तदाब उतरणे, बोलण्यात असंबद्धता, छातीत दुखणे किंवा पापण्या जड होऊन मिटणे यांपैकी काहीही दिसल्यास अपॉइंटमेंटची वाट न पाहता बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) कॅज्युअल्टीत न्यावे, आणि कोणते औषध केव्हापर्यंत दिले हे तेथील डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे.