फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या वेटिंगवर असलेल्या पेशंटला एक्मोवर (रक्त बाहेर काढून त्यात ऑक्सिजन मिसळून परत सोडणारं मशीन) ठेवायचं तर खर्च किती येतो? इन्शुरन्समधनं मिळतो का?

दिवसाला लाख-दीड लाख धरून चला, सुरुवातीचं सर्किट-ऑक्सिजनेटर, म्हंजे त्या मशीनच्या नळ्या आणि ऑक्सिजन मिसळणारा भाग, वेगळं. पण तुम्ही शेवटचा खर्च विचारताय, घर त्याच्या आधीच रिकामं झालेलं असतं.

आमचे दाजी कोल्हापूरजवळ शिरोलीला फौंड्रीत होते, वाळूच्या धुळीनं सिलिकॉसिस, फुफ्फुसाचा आजार, झाला. घरात ऑक्सिजन सुरू. कॉन्सन्ट्रेटर, म्हंजे हवेतनं ऑक्सिजन काढणारं मशीन, चोवीस तास चाललं की रोज आठेक युनिट वीज जळते, आणि लाईट गेली की सिलिंडर, मिनिटाला पाच लिटरनं लावला तर जम्बो पण जेमतेम दिवसभर पुरतो. २०२१ च्या पुरात हायवे बंद, रिफिल आणायचा कुठनं सांगा. डॉक्टर पहिल्यापासनं म्हणत होते प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घाला, पुण्यात खोली बघा, कारण फुफ्फुस काढल्यावर पाच-सहा तासांत बसवावं लागतं, फोन आल्यावर कोल्हापुरातनं निघून भागत नाही. ताई तयार होती. दाजींच्या थोरल्या भावांनी मोडता घातला, "नाव घातलं म्हंजे माणूस गेलाच", वर खोलीभाड्याचा हिशेब. आणि व्हेंटिलेटरवर पण ऑक्सिजन टिकेना तेव्हा हेच आयसीयूच्या दारात, पैशाचं बघू नका, लावा एक्मो! मग बघितलं कुणी? ताईनं. रान गेलं, दागिने गेले. यादीत नाव नाही, तपासण्या अर्ध्या, मशीन कशासाठी चालवत होतो? इन्फेक्शन झालं, संपलं. बाराव्याला हे पाव्हण्यांना सांगतायत, आम्ही काय कमी केलं नाही.

डिपॉझिट भरायच्या आधी डॉक्टरांना तोंडावर विचारा, झेडटीसीसीकडं (अवयव वाटपाची यादी सांभाळणारं विभागीय केंद्र) नोंद झालीय का, आणि मधेच किडनी निकामी झाली तर यादीत ठेवणार का काढणार. ऑपरेशनचा खर्च वेगळा, तो हातात नसेल तर एक्मोनं नुसते दिवस वाढतात. नोंदीला पेशंटची संमती लागते, थोरल्या दिरांची नाही.

आता मशीनच वाईट असं नाही हां, एक्मोवरनं थेट प्रत्यारोपण होऊन चालत घरी गेलेले पेशंट आहेत, आणि मी काय डॉक्टर नव्हे.

इन्शुरन्सचं म्हणाल तर पाच लाखाची पॉलिसी पहिल्या आठवड्यातच संपते. मुख्यमंत्री सहायता निधीच्या यादीत फुफ्फुस प्रत्यारोपण आहे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि हॉस्पिटलचं एस्टिमेट आधीच काढून ठेवा, पेशंट आयसीयूत गेल्यावर तहसीलला खेटे घालायला माणूस कुठनं आणणार.