"आज्जी, परत म्हन की"

"लेकरू वाया जायलंय बघा मॅडम. अकरावीला सायन्स घेतलंय आन् दिवसभर रीलच करायलंय."

लोहा तालुक्यातली ही आई नांदेडला माझ्याकडं समुपदेशनाला आली ती हेच घोकत. (ओळखीच्या खुणा बदलल्यात.) पूर्वी पालक टीव्हीची तक्रार घेऊन यायचे, आता रीलची. मी फोन काढून घ्या म्हणेन अशी त्यांची अपेक्षा असते. मी सहसा म्हणत नाही; पोरगं मित्राचा फोन वापरतं, एवढाच फरक पडतो.

मुलगा मान खाली घालून बसलेला. अभ्यासाचं न विचारता म्हटलं, रील दाखव. शेळीनं वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या म्हणून आज्जी तिच्या सात पिढ्या काढतेय, एवढंच. पण काय भाषा! मी मोठ्यानं हसले. दोन लाखांवर व्ह्यूज. त्यानंतरची पस्तीस रील तीनशे-चारशेवर अडकलेली. ती दाखवताना मात्र त्याचा अंगठा भराभर सरकत होता.

दुखणं इथं होतं. सरसकट 'मोबाईलचं व्यसन' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मटक्यात सुरुवातीलाच आकडा लागलेल्या माणसाची जी गत, ती ह्याची. रोज हरला असता तर महिन्याभरात कंटाळला असता. एकदा लागलाय, म्हणून रात्री दोनला उठून व्ह्यूज मोजतो.

"यूट्यूबवर चॅनल काढलंय, यातच करिअर करणार," म्हणाला. मी कागद पुढं केला. शॉर्ट्सवरून जाहिरातीच्या पैशात वाटा हवा, तर १००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात. भागाकार त्यानंच केला: रोजचे १ लाख ११ हजार. गप्प झाला. मग स्वतःच चुलतभावाचं सांगितलं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि त्याचे सगळे फॉलोअर एका रात्रीत गेले; इन्स्टाग्रामवर रील सुरू झाल्यावर शून्यापासून मोजायला लागला. "आमच्यात कुणालाच अक्कल नाही," म्हणून हसला. हसला, ते मला बरं वाटलं.

दुसऱ्या वेळी आज्जीलाही घेऊन या म्हटलं. ती आली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू झाली: "ह्यो म्हनतो आज्जी, परत म्हन की, मोठ्यानं म्हन. शेळी बिचारी गप उभी हाय तरी शिव्या दे म्हनतो. माळेगावच्या जत्रंत तमाशात वन्समोर झाला तर दौलतजादा पडती बाई. हितं फुकटच!"

नातू लालबुंद. त्याला हे कुणी म्हटलंच नव्हतं.

ठरलं ते एवढंच: रील फक्त रविवारी. व्ह्यूज संध्याकाळी एकदा, आईसमोर बघायचे. रात्री फोन देवळीत. आज्जीनं 'आज नको' म्हटलं की नको. आणि आईनं पोराला उठता-बसता 'वाया गेलास' म्हणायचं नाही. ही शेवटची अट आईला सगळ्यात जड गेली. तिसऱ्या भेटीपर्यंत ती चार वेळा मोडली होती, तिनंच कबूल केलं.

दीड महिन्यानं तिचा फोन आला. पोरगं रात्री झोपतंय. अभ्यास? "करतंय थोडं थोडं." दोन रविवार चुकवून तिसऱ्याला रील टाकलं, पाचशेच्या वर गेलं नाही, आदळआपट झाली नाही.

"पर मॅडम, आता सासूबाईच इचारायल्यात, किती जनानी बघितलं रं म्हणून. संध्याकाळपस्तोर दम निघंना त्यास्नी."

पुढच्या गुरुवारी आज्जीला एकटीला बोलावलंय.